वेळणेश्वरची ग्लॉक्सिनिया

आमच्या गटात फूलझाडाला त्याच्या पुस्तकी नावाने कुणी हाक मारत नाही. ते ज्याच्याकडून आलं, त्याच्या नावाने किंवा गावाने चालतं. माझ्या खिडकीतला गुलाबी बिगोनिया मुरुडचा, कारण दापोलीकडच्या मुरुडहून आलेल्या एका सुनेने त्याची फांदी आणली होती. जांभळी आफ्रिकन व्हायोलेट पोफळीची. पांढरी मेणफुलं कोर्टातल्यांची, म्हणजे कोर्टात नोकरी केलेल्या एका मावशींची. कुंडीत आइस्क्रीमची काडी खोचायची आणि तिच्यावर पेन्सिलीने हे लिहायचं. शाई पावसाळ्यात पुसते, पेन्सिल टिकते.

आम्ही बारा-तेरा बायका आणि एक निवृत्त पोस्टमास्तर. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रत्नागिरीत कुणाच्या तरी घरी जमतो, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली पानं आणि दुधाच्या पिशवीत बांधलेले कोंब एकमेकांना देतो, पोहे खातो आणि जी आली नसेल तिच्या झाडांना नावं ठेवतो. देण्यामागे नुसतं प्रेम नसतं. आपल्याकडचं झाड मेलं, तर ज्याला दिलं त्याच्याकडून ते हक्काने परत आणता येतं. याला आम्ही 'देऊन ठेवणं' म्हणतो. एकीकडेच असलेलं झाड हे नसल्यासारखंच, असं पोस्टमास्तर दर वेळी सांगतात आणि आम्ही दर वेळी मान डोलावतो.

मी शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. गटात मला सगळे 'बाई' म्हणतात, माझ्याहून वयाने मोठे असलेले पोस्टमास्तरसुद्धा. मला झाडं आवडतात असं मी सांगते, पण खरं सांगायचं तर मला माझ्याकडे चांगली फुललेली झाडं आवडतात. बाकीच्यांची मेली आणि माझं जगलं, की मला बरं वाटतं. हे कुणाला सांगायचं नसतं, पण आज लाज सांगायलाच बसले आहे तर इथून सुरुवात केलेली बरी. आणखी एक. कुठल्याही काडीवर 'बाईंची' असं लिहिलेलं नव्हतं. माझ्याकडचं सगळं दुसऱ्यांकडून आलेलं. माझ्या घरून निघून दहा घरी पोचलेलं एकही झाड नव्हतं, आणि ते मला खुपायचं.

आमच्या इमारतीसमोर एक बैठं घर आहे. त्याच्या पडवीत वहिनींच्या कुंड्या असतात. वहिनी म्हणजे नात्याने माझ्या कुणीच नाहीत. समोर राहतात आणि माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहेत, एवढंच. पण गेली पंधरा वर्षं सकाळी दुधाची पिशवी घ्यायला उतरले की आधी त्यांच्या पडवीत पाच मिनिटं, हा माझा नेम. वहिनींची मोठी बहीण वेळणेश्वरला दिलेली. ती गेली, त्याच्या आदल्या वर्षी तिने वहिनींना एक कंद दिला होता. करवंटीत माती, मातीत कंद, वर सुतळी. तीच ती ग्लॉक्सिनिया.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. मखमलीसारखी पानं, आणि वर घंटेच्या आकाराची, मुठीएवढी फुलं. ही जांभळी होती, कडेला पांढरी बारीक रेघ, आणि फुलाच्या घशात लालसर ठिपके. बहीण म्हणायची, हिला गोवर आलाय. पावसाळ्यात फुलायची, दिवाळीनंतर पानं पिवळी पडून गळायची, आणि मग चार-पाच महिने कुंडीत नुसती माती दिसायची. खाली कंद झोपलेला.

तिला पानं थोडी यायची, त्यामुळे वहिनी ती द्यायला कचरायच्या. तरी बहीण गेल्यावर त्यांनी दोन पानं देऊन ठेवली. एक पोफळीच्या वसाहतीतल्या बाईंना. त्यांचे यजमान तिथल्या वीजकेंद्रात होते आणि त्या महिन्यातून एकदा एसटीने आमच्याकडे यायच्या. दुसरं मला. माझं पान पंधरा दिवसांत कुजलं. वहिनींनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "रुजतंय, वेळ लागेल." पहिलं खोटं ते. लहानसं होतं, आणि मी ते विसरूनही गेले.

त्यानंतरच्या जानेवारीत वहिनींच्या मुलीचं बाळंतपण आलं, ठाण्याला. तीन महिन्यांचा मुक्काम. चौदा कुंड्या त्यांनी माझ्या गॅलरीत आणून ठेवल्या. शेवटी ग्लॉक्सिनियाची कुंडी आणली, तिच्यावर एक कौल उपडं घातलेलं.

"ही झोपलीय हो बाई. महिन्यातून एकदा कडेकडेनं दोन चमचे पाणी. बाकी हात नाय लावायचा."

"वहिनी, मला काय सांगता?" मी म्हटलं.

हात न लावणं मला कधीच जमलेलं नाही. वर्गात गप्प बसलेला मुलगा दिसला की मी त्याला उठवून फळ्यापाशी आणायची. रोज सकाळी तेरा कुंड्यांना पाणी घालताना ती चौदावी, मातकट, कौल पांघरून बसलेली, माझ्या डोळ्यांत खुपायची. आठवड्याने मी कौल काढून पाहिलं. माती वाळून भेगाळली होती. मला वाटलं, वहिनींना काय कळतंय, दोन चमच्यांनी होतंय काय! खरं कारण तेवढंच नव्हतं. वहिनी परत येतील तेव्हा माझ्या हातून ती महिनाभर आधीच फुटलेली असावी, रविवारी पोह्यांवर त्यांनी ते सगळ्यांना सांगावं, असं मला वाटत होतं. मी एक दिवसाआड पेलाभर पाणी घालायला लागले.

फेब्रुवारीच्या मध्याला कुंडीला वास यायला लागला. बोट घातलं तर कंद लागला, आणि बोट कंदातून आरपार गेलं. आत चिखल झाला होता. मी हात तीन वेळा धुतला. जेवताना भाताला तोच वास येतोय असं वाटत राहिलं.

पोफळीला एक होती, हे मला त्याच क्षणी आठवलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. मला आठवलं नाही असं म्हणायला जागाच नाही. आमच्या रीतीप्रमाणे नुसता फोन करायचा होता: माझ्या हातून मेली, मोसमात एक पान काढून ठेवा. पण पोफळीच्या बाई आणि वहिनी तेव्हा रोज फोनवर बोलायच्या. माझा फोन ठेवून पोळ्या लाटून होण्याआधी ठाण्याला कळलं असतं. मग दुसऱ्या रविवारी सगळ्यांना. बाईंनी पाणी घालून मारली. ज्या बाई प्रत्येकीला पाण्याचं प्रमाण शिकवतात, त्यांनी.

मी इंटरनेटवर शोधलं. जांभळी, पांढऱ्या कडेची ग्लॉक्सिनिया, फोटोत तर हुबेहूब तीच. आठ दिवसांत भुश्शात गुंडाळलेला कंद आला. जुना मी वर्तमानपत्रात बांधून घंटागाडीत टाकला. नवीन कंद त्याच कुंडीत, वर तेच कौल, कडेला तीच 'वेळणेश्वरची' लिहिलेली काडी. परीक्षेत दुसऱ्याचा पेपर आपल्या नावावर देणाऱ्या दोन पोरांना मी एकदा वर्षभर वर्गाच्या दाराशी बसवलं होतं. काडी खोचताना ती पोरं मला आठवली नाहीत. नंतर आठवली, पुष्कळदा.

मार्चअखेर वहिनी आल्या. नातीच्या बारशाचे पेढे माझ्या हातात ठेवायच्या आधी त्या गॅलरीत गेल्या. कौल उचललं. मातीतून दोन मखमली पानं वर आली होती, नखाएवढी. वहिनी खाली बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "ताई आली गो." मग माझ्या तोंडात पेढा घातला आणि माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्याशिवाय कुणावर नाय सोडली असती मी."

त्या वेळी सांगता आलं असतं. पेढा तोंडात होता, एवढंच काय ते निमित्त.

जुलैत फूल आलं. पांढरी कड जरा रुंद. घशात ठिपका एकही नाही. वहिनी चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या. मग त्याच म्हणाल्या, "रत्नागिरीच्या पाण्यानं शेवटी ठिपके गेले बघा. वेळणेश्वरचं पाणीच वेगळं." मी म्हटलं, "असेल." पाण्याने ठिपके जात नाहीत. हे मला माहीत होतं.

ही नवी ग्लॉक्सिनिया जोमाची निघाली. पानंच पानं. इतकी वर्षं हात आखडणाऱ्या वहिनी आता वाटायला लागल्या. प्रत्येक रविवारी दोन-तीन पानं ओल्या कागदात, सोबत स्वतः लिहिलेली काडी. "माझ्या ताईची आठवण, जपा हं." दोन पावसाळ्यांत अकरा घरी गेली. पोस्टमास्तरांच्या जिन्यात, कोर्टातल्या मावशींच्या देवघराच्या खिडकीत, मुरुडच्या सुनेच्या बाथरूममध्येसुद्धा. जिथे जाईन तिथे माझं खोटं फुललेलं असायचं आणि मला ते दाखवलं जायचं. मी म्हणायची, "छान आलीय." मलाही एक मिळाली. तिला मी सगळ्यांत चांगली जागा दिली, का ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात चिपळूणला एका लग्नाला जायचं होतं. वहिनी म्हणाल्या, पुढे पोफळी आहेच, पोफळीच्या बाईंचं हल्ली येणं होत नाही, त्यांना हे एवढं द्या, आणि कपात लावलेलं, फुलावर आलेलं एक रोप माझ्या हातात दिलं.

पोफळीच्या बाईंच्या क्वार्टरची खिडकी अरुंद होती. त्यांनी माझ्या हातातला कप घेऊन तिथे ठेवला, आणि त्याच्या शेजारी ती होती. खरी. बारीक कड, घशात लालसर ठिपके. लहानशीच, तीन फुलं.

"माझ्याकडे आहे की ही," त्या हसून म्हणाल्या. "वहिनी विसरल्या वाटतं."

दोन कुंड्या शेजारी शेजारी होत्या. कुणालाही फरक दिसला असता. त्या चहा टाकायला आत गेल्या. खरीचं एक पान मागून घेणं किती सोपं होतं! आमच्यात तर मागतातच. पण मागितलं असतं तर "का?" आलं असतं. आणि बाहेर येऊन त्या दोन्हींकडे निरखून बघायला लागल्या तेव्हा मी घाईने म्हटलं, "असू दे हो. ही जास्त जोमाची आहे."

परतताना एसटीत मी स्वतःची समजूत घातली: खरी आहे, सुखरूप आहे, पोफळीला देऊन ठेवलेली आहे. त्या वाक्यावर मी वर्षभर झोपले.

या वर्षी ऑगस्टमध्ये वहिनींची भाची येणार असं ठरलं. त्या बहिणीची एकुलती मुलगी, मस्कतला असते. आई गेली तेव्हा तिला तिकीट मिळालं नव्हतं. आता पुण्यात घर घेतलंय आणि नव्या घरात आईची एकच वस्तू ठेवायची आहे, ती म्हणजे ही ग्लॉक्सिनिया. वेळणेश्वरच्या घरातली बाकी झाडं आई गेल्यावर पाण्यावाचून गेली होती. वहिनींनी सगळ्यांत भरलेली कुंडी वेगळी काढली. एका सकाळी मी पडवीत बसलेली असताना व्हिडिओवर त्यांनी ती भाचीला दाखवली.

भाचीने बघितलं. मग म्हणाली, "मावशी, गोवर कुठाय?"

"पाण्यानं गेला गो."

"असं कसं जाईल? मी लहानपणी मोजायचे ते ठिपके. आई जेवण भरवताना मोजायला लावायची."

वहिनींनी फोन माझ्याकडे वळवला. "या आमच्या बाई. शाळेत होत्या. यांनीच सांभाळली. बाई, तुम्ही सांगा हिला, माझं नाय पटायचं."

पडद्यावर चाळिशीची एक बाई माझ्याकडे बघत होती, शाळेतल्या मुलीसारखी, उत्तर बरोबर असणारच या खात्रीने. मी म्हटलं, "होतं असं कधी कधी." तिने लगेच मान हलवली. "बाई म्हणतायत तर असेल."

त्या 'असेल'ने मला घरी बसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधही न घेता मी पडवीत गेले. वहिनी टाकळ्याची भाजी निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, कंदात बोट गेलं इथपासून. माझा आवाज वर्गातल्यासारखा मोठा निघाला होता, आणि त्याचीही मला लाज वाटली.

वहिनींचे हात थांबले नाहीत. पानं एकीकडे, देठं एकीकडे. मग त्यांनी विचारलं, "तो कंद कुठे टाकलात?"

"घंटागाडीत."

"पुरायचात तरी, बाई."

त्यांनी टाकळा बाजूला सारला, आणि एकदम चेहरा उजळून म्हणाल्या, "पण पोफळीला आहे की! देऊन ठेवलीय ना मी. एवढं काय त्यात?" माझ्यावर रागवायचं सोडून त्या मलाच धीर देत होत्या. त्यांनी फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून मोठ्याने बोलण्याचं बटण दाबलं.

पोफळीच्या बाई आता पोफळीला नव्हत्या. यजमान मे महिन्यात निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, कराडला मुलाकडे गेल्या. हे आम्हाला ठाऊक होतं. कुंड्यांचं काय झालं ते कुणी विचारलं नव्हतं.

"ग्लॉक्सिनिया ना? आहे तर! छान फुललीय," त्या म्हणाल्या. "टेम्पोत जागा नव्हती हो, दोन्ही कशा आणणार? एकच तर झाड. जुनी अजून झोपलेली होती, बाईंनी दिलेली वर आली होती. बाई म्हणाल्याच होत्या, ही जास्त जोमाची आहे. म्हणून मग तीच आणली."

"आणि जुनी?" वहिनींनी विचारलं.

"कुंडी हवी होती, म्हणून क्वार्टरच्या मागे उपडी केली. का हो?"

वहिनी म्हणाल्या, "काही नाही, सहज." आणि फोन ठेवला.

मी त्याच दिवशी पोफळीला गेले. क्वार्टरमध्ये नवं कुटुंब आलं होतं. त्यांच्या सूनबाईने छत्री धरली आणि मी खुरप्याने मागची जमीन उकरत राहिले. तीन महिन्यांचा पाऊस पडून गेलेला, अळू कमरेएवढं वाढलेलं. त्या मुलीने दोनदा विचारलं, आजी, काय हरवलंय? मी म्हटलं, एक कंद होता. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन मी रिकाम्या हाताने परत आले.

भाची रविवारी आली. वहिनींनी माझ्यादेखत तिला सांगितलं, एकही शब्द वाढवून नाही, एकही गाळून नाही. "तुझ्या आईची नाय ती. आईची गेली." भाचीने माझ्याकडे एकदा बघितलं. भांडली असती तर सोपं गेलं असतं. तिने कुंडीला हात लावला, पान बोटाने गोंजारलं, आणि कुंडी होती तिथेच ठेवली. निघताना ती माझ्या पाया पडली. मावशीकडची मोठी माणसं म्हणून पडली असेल. मला पाय मागे घ्यावेसे वाटले, आणि तेही जमलं नाही.

ती गेल्यावर वहिनींनी कुंडीतली काडी उपसली, उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने 'बाईंची' असं लिहून पुन्हा खोचली. मग गटावर मेसेज टाकला. मी समोरच बसले होते, माझा फोन माझ्या हातात वाजला. 'वेळणेश्वरची म्हणून दिलेली ग्लॉक्सिनिया वेळणेश्वरची नाही. बाईंची आहे. सगळ्यांनी काड्या बदलाव्यात.' बस्स. का, कशी, काही नाही.

"पुढचं मी कुणाला नाय सांगायची," वहिनी म्हणाल्या. "ते तुमचं तुम्ही बघा." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

वहिनी बाहेर येईपर्यंत नऊ अंगठे आले. कोर्टातल्या मावशींनी फुलांचा गुच्छ पाठवला. पोस्टमास्तरांनी लिहिलं, 'वा बाई! अकरा घरांत तुमचं झाड. मनःपूर्वक अभिनंदन.' मुरुडच्या सुनेने तर बदललेल्या काडीचा फोटोच टाकला. येत्या रविवारी पोहे माझ्याकडे आहेत. सगळे येणार आहेत, आणि प्रत्येकजण मला सांगणार आहे की ती किती छान फुललीय.